उलटी धरलेली पट्टी

"तीन वेळा चेक केलंस?" डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

"हो सर."

"मग स्लॅब पाडा. आणि या गवंड्याला पुन्हा काम देऊ नका."

गवंडी म्हणजे उस्मानभाई. कुंडलजवळच्या कालव्यावरचा छोटा पूल त्यांनी बांधला होता. माझ्या आकड्यांप्रमाणे स्लॅबचा तळ ठरल्यापेक्षा सव्वा फूट खाली आला होता. कालवा भरून वाहिला की पाणी तिथं अडणार. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात नवाकोरा ओव्हरसियर, त्यामुळे माझा स्वतःवर फार विश्वास.

उंची मोजायचं आमचं यंत्र म्हणजे लेव्हल. तिवईवरची दुर्बीणच ती. तिच्यातून नजरेची एक सरळ आडवी रेषा मिळते. त्या रेषेची उंची आधी काढायची. मग आकडे लिहिलेली पट्टी जमिनीवर उभी धरायची. जमीन रेषेपेक्षा जितकी खाली, तितकं वजा करायचं. रोज हेच करायचो.

पण स्लॅबचा तळ रेषेच्या वर होता. अशा वेळी पट्टी उलटी धरतात, शून्य वर टेकवून. लक्षात राहावं म्हणून वहीत त्या आकड्याला मायनस लावतात. मीही लावला: मायनस वीस सेंटिमीटर. संध्याकाळी आकडेमोड करताना मायनस दिसला आणि सवयीनं वीस वजा करून मोकळा झालो.

सकाळी माणसं पहारी घेऊन आली. एका कडेचा टवका उडालासुद्धा. उस्मानभाई माझ्याजवळ आले. चिडलेले नव्हते, त्याचंच मला अवघड वाटलं.

"रावसाब, मी पान्याची नळी लावून लेव्हल घेतली हाय. पानी काय खोटं बोलत न्हाई."

"यंत्रानं मोजलंय, उस्मानभाई."

"मोजलं असंल. पर एवडं सांगा, दुर्बिणीत बगताना माझा स्लॅब वर दिसत हुता का खाली?"

"वर."

"मग वहीत खाली कसा गेला वं?"

पहारी थांबवायला ओरडलो आणि वही उघडली. वजा करायचं होतं खरं, पण मायनस वीस वजा करायचे होते. म्हणजे वीस मिळवायचे. वीस वर असलेला तळ मी वीस खाली नेला होता. एकूण चाळीस सेंटिमीटर, म्हणजे तोच सव्वा फूट. 'मायनस मायनस प्लस' मी औंधच्या शाळेत घोकलं होतं. त्याला मार्कही पडले होते. अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

साहेबांसमोर चूक कबूल केली. मेमो मिळाला. उस्मानभाईंचं काम सुटलं नाही. उडालेला टवका त्यांनी स्वतःच भरून काढला. मी माफी मागितली तेव्हा थापी न थांबवता म्हणाले, "व्हतंय वं."

तीन वेळा चेक केलं होतं, हे खोटं नव्हतं. तिन्ही वेळा वही पाहिली होती. पुलाकडे मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.