चढावर दमणारी गाडी

माझ्या बायकोचे वडील डहाणूतल्या एका चिकूच्या वाडीवर ड्रायव्हर होते. वाडीच्या मालकांची पांढरी गाडी त्यांनी उभी हयात चालवली. ते गेले, पुढे मालकांची मुलं परदेशी गेली आणि ती गाडी मी घेतली. जुनी, कार्बोरेटरवाली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. निवृत्त माणसानं असला खटाटोप कशाला करावा, असं सगळे म्हणाले. पहिल्या दिवशी बायको मागच्या सीटवर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.

तिची थोरली बहीण तलासरीच्या पुढे, उधव्याच्या वाटेवरच्या एका पाड्यात मुलाकडे राहते. गेल्या काही वर्षांत तिचं भान हळूहळू सुटत चाललंय. माणसं ओळखत नाही, जेवली की नाही ते आठवत नाही. पण ही गाडी ओळखते. अंगणाच्या टोकाला इंजिनाचा आवाज आला की पदर सावरत बाहेर येते आणि म्हणते, "बा आला." मग बोलते, हसते, दोन घास खाते. एकदा आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

म्हणून पावसाळा सरता सरता गाडी ओढेनाशी झाली, तेव्हा मला नुसती गाडीची काळजी नव्हती.

घरून ती छान निघायची. आशागडपर्यंत काही नाही. पुढे चढ लागले की तिचा जीव जायचा. अॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी आचके देत रांगायची आणि मालाचे टेम्पो बाजूनं निघून जायचे. बाजूला घेऊन थोडं थांबलं की पुन्हा चालायची, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच. दोनदा आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो. त्या थांब्यांचं मला आज विचित्र वाटतं, कारण ते आठवले की त्रास आठवत नाही. पिवळं पडू लागलेलं भात आठवतं. ताडाच्या रांगेमागे कुठंतरी शेकोटीचा धूर सरळ वर चाललेला, बायको दगडावर बसून चिकू सोलतेय, आणि बोनेटखालून तापलेल्या तेलाचा वास येतोय. आम्ही कुठं निघालो होतो हे मध्येच विसरायला व्हायचं.

डहाणूतल्या मिस्त्रींनी प्लग काढून घासले, पॉइंटची गॅप लावली, जेट फुंकून साफ केले, एअर फिल्टर झटकला. गॅरेजात गाडी एका सुरात गुणगुणत राहिली.

"काका, इथं उभी असताना हिला काही झालेलं नाही," ते हात पुसत म्हणाले. "दुखणं रस्त्यावरचं आहे. आता दम सोडेल तेव्हा थोडा चोक ओढून बघा. चोकनं सुधारली तर पेट्रोल कमी पोचतंय असं समजायचं. नाही सुधारली तर मी करंटकडे बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. धुकं अजून शेतात बसून होतं. चारोटीच्या अलीकडच्या चढावर गाडीनं नेहमीसारखा आचका दिला. मी चोक ओढला. ती जरा उचलली, झाडांपर्यंत गेली आणि पुन्हा ढेपाळली.

"पेट्रोलच," मी म्हणालो. टाकीत आहे तरी का, हे बघायला उतरून झाकण फिरवलं.

बायको खिडकीतून वाकली. "ऐकलंत?"

"काय?"

"टाकीनं श्वास घेतला. मोठा."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग उतरून शेजारी आली. "तुम्हाला नाही आलं ऐकू?"

"नाही."

तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि तो विषय तिथंच ठेवला. "चढावर बा आम्हाला बोलू द्यायचा नाही," ती म्हणाली. "दोघी मागं गप्प बसायचो. गाडी काय म्हणते ते ऐका, म्हणायचा. आता झाकण लावा. पुन्हा दमली की पुन्हा उघडू."

चारोटी मागे टाकून हायवेला लागलो. महालक्ष्मीचा डोंगर धुक्यातून अर्धाच दिसत होता. त्याच्या पलीकडच्या चढावर गाडी परत रडू लागली. या वेळी झाकण उघडता उघडता मी टाकीच्या तोंडाशी तळवा धरला. हवा माझ्या हाताजवळून आत ओढली गेली. थंड, हलकी. ऐकू आली नाही, पण कळली.

पेट्रोल खाली जाईल तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. तिला वाटच नव्हती. आत पोकळी होऊन पेट्रोल अडत होतं. मी झाकण उलटं केलं. हवेसाठी असलेलं बारीक भोक सुक्या मातीनं बुजलं होतं. पावसाळाभर गाडी चिकूखाली उभी होती, तेव्हा कुंभारीण माशीनं तिथं घर बांधायला घेतलं असावं. बायकोनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि सावकाश माती कोरली. झाकण तोंडाशी धरून फुंकर मारली, तर हवा पार झाली.

तलासरीपर्यंत बायको डोळे मिटून बसली होती, प्रत्येक चढावर ऐकत. गाडी एकदाही अडखळली नाही. उधव्याच्या रस्त्यावरचा शेवटचा चढसुद्धा तिनं सरळ घेतला.

अंगणात मेव्हणी आधीच येऊन उभी होती. "बा आला," म्हणाली आणि दार उघडून थेट मागं बसली. बायको तिच्याशेजारी बसली. जाऊ या फिरायला, असं कुणी ठरवलं नाही. मी गाडी वळवली. भातामधल्या रस्त्यावरून हळूहळू जाताना मागून मेव्हणीचा आवाज आला, "बा, वाडी लांब आहे का अजून?" तो ऐकायला मला कानावर जोर द्यावा लागला.

"आलीच," मी म्हणालो.

ती बहिणीच्या खांद्यावर झोपली. मी तसाच पुढे गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडपर्यंत गेलो. नाक्यावर ट्रकांची लांब रांग लागली होती. एका ढाब्याच्या सावलीत गाडी उभी केली आणि चहा मागवला. मेव्हणी जागी झाली, बशीत ओतलेला चहा फुर्र करून प्यायली आणि तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही कोण?"

बायकोनं मान खाली घातली.

"मी ड्रायव्हर," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला. "बरी चालवता," ती म्हणाली आणि बशी पुन्हा पुढे केली.