शिरीनमायची गाडी आणि लाटणं

गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतोच. कुठला म्हणून विचारू नका, गाडी त्याच्याविना चालते. माझ्या गॅरेजात अशा नटांचा एक डबा होता, आणि त्यातला निम्मा डबा एकाच गाडीचा. किस्सेही तिचेच जास्त उरले.

गाडी रुस्तमशेठची. दोन सीटची, उघडी, विलायती स्पोर्ट्स कार, अख्ख्या डहाणूत एकच. तिचे पार्ट बाहेरून येणं तेव्हा बंद झालेलं, म्हणून जे हाताला लागेल ते बसवायचं. शेठचे वडील जाऊन चार वर्षं झाली होती. गाडी त्यांची. रोज संध्याकाळी ते तीच घेऊन वाडीत परतायचे आणि आवाज ऐकून त्यांची बायको, शिरीनमाय, स्वतः फाटक उघडायची. ते गेल्यावर शेठ तीच गाडी त्याच वेळी आणायचा. तोवर म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण फाटक तीच उघडायची. गाडी आली नाही की ती जेवायची नाही. म्हणून गाडी चालू ठेवणं हे माझं काम. माझ्याकडे चार पाने नि एक हातोडी होती, तेव्हा तिनंच चिकूच्या पेट्या हलवून मला गॅरेजसाठी गावातल्या त्यांच्या शेडचा कोपरा दिला होता. ते मी विसरलो नाही, विसरणार नाही.

गाडीचा मुख्य आजार म्हणजे पेट्रोलचा पंप. तो विजेवर चालायचा आणि मधूनच अडकायचा. सीटच्या मागे लाटण्यानं दोन टोले दिले की सुरू. वाडीचा राखणदार सोम्या, गंजाडचा, लाटणं घेऊन शेजारी बसायचा. शेठ ओरडायचा, "सोम्या, वाजव नी!" तलासरीच्या बाजारातून ही वरात पुष्कळदा गेली. तिथल्या एका दुकानदारानं जुनी जीप घेतली, ती दाखवायला माझ्याकडे आणली. सगळं पाहून झाल्यावर हळूच म्हणाला, "दत्तूशेठ, वाजवणारा गाडीबरोबर मिळतो, का आपणच ठेवायचा?"

चिंचणीजवळ एकदा फॅनबेल्ट तुटला. मी कपाळाला हात लावून बसलो. बोंबील वाळवणारी एक बाई उठून आली, तुटका पट्टा बघितला आणि जाळ्याची दोरी घेऊन गाठ न मारता असा काही वेढा विणला की मी बघतच राहिलो. म्हटलं, "मावशी, हे कुठं शिकलात?"

"होडी दर्यात बंद पडली तं आम्ही काय गॅरेज हुडकतो?"

त्या दोरीवर डहाणूपर्यंत आलो. पुढे आठवडाभर गाडी जिथे उभी राहील तिथे बॉनेटवर मांजरं!

कापडी टप फाटला, तेव्हा शेठनं तो चिंचणीच्याच एका शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे दिला. शिवण अशी की पाण्याचा थेंब आत येणार नाही. फक्त हायवेला गाडीनं वेग घेतला आणि टप फुगला. फुगला म्हणजे किती? शेठ म्हणतो, स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. म्हाताऱ्यानं शिडाला देतात तसं टपाला बेताचं पोट दिलं होतं. आम्ही तक्रार घेऊन गेलो तर तोच रागावला. "वारा नको होता, तर माझ्याकडे आलात कशाला?"

सायवनच्या रस्त्याला रेडिएटर गळायला लागला. एका घरातल्या बाईनं मूठभर हळद दिली, ती पाण्यात टाकली, गळती बंद. संध्याकाळी वाफा सोडत वाडीत पोचलो. शिरीनमायनं फाटक उघडलं, नाक वर केलं आणि विचारलं, "रुस्तम, आज गाडीमां दाळ रांधी के?"

आता सायलेन्सर. तो गंजून भोक पडलेला, गाडी कोसभरावरून फाटक्या आवाजात फडफडत यायची. मला लाज वाटायची. शिरीनमायसाठी एकदा तरी काहीतरी धड करावं, असं फार मनात होतं. मुंबईला भंगारात एक चांगला सायलेन्सर मिळाला. कापला, जोडला, झाळला. गाडी अशी शांत झाली की आपलंच काम ऐकत बसावं.

त्या संध्याकाळी शेठबरोबर मीही गेलो, शाबासकी घ्यायला. फाटक बंद. शेठनं उतरून ते स्वतः उघडलं, गाडी आत घेतली. शिरीनमाय ओट्यावर रस्त्याकडे कान लावून बसलेली. शेठनं तिचा हात धरला. "माय, आलो."

"तू तो आव्यो," ती म्हणाली. "पण गाडी क्यां छे?"

आम्ही पुष्कळ सांगितलं. तिचा हात बॉनेटवर ठेवला. ती हो म्हणाली, आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल घेऊन वाडीवर गेलो. गाडी अंगणात, शेठ स्टिअरिंगवर, शिरीनमाय स्टुलावर. कालच बसवलेल्या सायलेन्सरला मी भोक पाडलं. शेठनं इंजिन चालू केलं. तिनं मान हलवली. "थोडुं मोटुं कर, दीकरा." मोठं केलं. परत मान हलली. तिसऱ्यांदा मी कानस घेतली आणि कड जरा वेडीवाकडी केली, जुन्याची होती तशी.

गाडी फडफडायला लागली.

शिरीनमाय उठली. आमच्या मधून, गाडीला वळसा घालून, हातानं चाचपत सरळ गेली आणि तिनं फाटक उघडलं.

इंजिन बंद करायला शेठचा हात चावीकडे गेला होता. मी तो धरला.