एकाच नावाची दोन कार्डं

सातवीत शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात येऊन पडलो. ऊस विभागाच्या साहेबांनी कामाला घेतलं, निजायला ऑफिसामागची खोली दिली. ते उपकार आजही विसरलेलो नाही. पण त्या वर्षी मी आतल्या आत जळत होतो, तो त्यांच्याकडेच काम शिकणाऱ्या दुसऱ्या एकीवर.

साहेबांनी पुण्याहून नवी कार्डं आणली होती. एका शेतकऱ्याच्या उसाला एक कार्ड. कार्डाच्या काठाने भोकं: एक पावसाळ्यात लावलेल्या आडसालीचं, एक हिवाळ्यात लावलेल्या सुरूचं, एक तोडलेल्या उसाच्या फुटव्याचं म्हणजे खोडव्याचं, पुढे गावांची. जे लागू असेल त्या भोकाची कड कापून खाच करायची. मग गठ्ठ्यातल्या त्या भोकातून लांब सुई घालून उचललं की खाचेची कार्डं खाली गळतात, बाकीची सुईला लटकतात. ऐकायला सोपं. माझी खाच नेमकी शेजारच्या भोकाला पडायची आणि खोडवा काढायला जावं तर सुरू गळायचा.

ती नगरच्या एका ख्रिस्ती मास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. सुई घालून गठ्ठा अलगद हलवायची, हवी तेवढीच कार्डं पडायची, आणि साहेब खूश होऊन हसायचे. माझ्या टेबलाशी ते कधी हसलेले आठवत नाहीत. गाळप सुरू झालं की दोघांपैकी एकच कार्डांवर राहणार, दुसऱ्याने तोडणीच्या चिठ्ठ्या घेऊन शिवारं पालथी घालायची, हे ठरलेलं. शिपाईमामा मलाच विचारायचे, "चपला धड हायत ना रं तुझ्या?"

तिच्या पुढे जायचं म्हणून एक दिवस मी गठ्ठा साफ करायला घेतला. तेच गाव, तोच सर्व्हे नंबर, तेच नाव, तेच आडनाव, अशी दोन-दोन कार्डं निघाली. वाटलं, कुणीतरी दोनदा नोंदली. मी सात फाडली आणि साहेबांना ऐटीत सांगितलंही.

दोन दिवसांनी एक शेतकरी आला. "आमच्या उसाची नोंद हाय का न्हाई?"

मी कार्ड काढलं.

"ह्यो माझा चुलतभाऊ. बापाचं नाव वाच की!"

"पण नाव तर तुमचंच आहे."

"आज्याचं ठिवलंय दोगांनाबी. आज्या गेला त्याच वरसाला आमी झालो. घरात त्या नावानं हाक कोन मारतंय? आमच्या आया सासऱ्याचं नाव घेतील व्हय? मी थोरला, त्यो धाकला. आता माझा ऊस रानात वाळवतोस का काय?"

मी उगाच गठ्ठा पुन्हा चाळू लागलो. तेवढ्यात तिने खणातून एक कार्ड काढून पुढे ठेवलं.

"भाऊ, सातही मी नोंदवहीवरून पुन्हा लिहिलीत," ती मला हळूच म्हणाली. "परवाच सांगणार होते, पण तुम्ही फार खुशीत होतात."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "मिटलं ना? कुणी शोधलं?"

"दोघांनी मिळून," ती म्हणाली.

ते 'दोघांनी' मला सोसलं नाही. हिच्या दयेवर टेबल राखायचं, आणि रोज हिच्यासमोरच बसायचं?

"मी फाडली ती सातही खरी कार्डं होती, साहेब. हिने पुन्हा लिहिली."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रामाणिक पोरगा म्हणाले. प्रामाणिकपणा कसला! दुपारी चिठ्ठ्यांची पिशवी माझ्या हातात आली, कार्डं तिच्याकडे गेली.

"उगाच बोललात, भाऊ," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. मला त्याचाही राग आला.