प्रणालीच्या नावाचा कप

कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्समध्ये प्रणालीच्या खांद्यावर जो तुटका हात दिसतोय ना, तो माझा आहे.

टीमचा फोटो होता तो. बाकी सगळ्यांना कापलं, हात तेवढा राहिला.

खाली लिहिलंय, 'विद्यापीठ गाजवणारी आमची कन्या.' शेजारी ट्रस्टी साहेबांचा फोटो. तिच्यापेक्षा मोठा.

आज प्रणालीला जाऊन वर्ष झालं. आणि आजच कॉलेज तिच्या नावाने फुटबॉल कप सुरू करतंय. उद्घाटन साहेबांच्या हस्ते.

सकाळी रिक्षातून तो फ्लेक्स बघितला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

प्रणाली म्हात्रे. घणसोली गावातली. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची कॅप्टन. टीम तिनेच जमवलेली, एकेकीला कॅन्टीनमध्ये गाठून.

मला म्हणाली, "ए सना, तू उंच आहेस. बॉलला घाबरतेस काय?"

"घाबरते."

"मग गोलमध्ये उभी राहा. तिथून पळायला जागाच नाय."

अशी मी गोलकीपर झाले.

कॉलेजचं ग्राउंड लग्नांना भाड्याने जायचं. सकाळी आधी मांडवाचे खिळे, प्लास्टिकचे चमचे, कुणाचं तरी उष्टं उचलायचो. मग वॉर्म-अप. तक्रार केली तर जिमखान्याचे सर म्हणायचे, "मुलींनी हौसेपुरतं खेळावं."

त्या हौसेतून आम्ही इंटर-कॉलेजच्या फायनलला पोचलो.

आणि फायनलच्याच दिवशी साहेबांचा वाढदिवस निघाला.

सरांनी टीमला बोलावलं. "सगळ्यांनी जर्सी घालून गेटवर दोन्ही बाजूंना उभं राहायचं. साहेब आले की पाकळ्या टाकायच्या. फोटो मस्त येईल."

आम्हाला वाटलं मस्करी करतायत.

प्रणाली म्हणाली, "सर, त्या दिवशी फायनल आहे."

"मॅच काय, पुढच्या वर्षी पण असते."

"वाढदिवस पण पुढच्या वर्षी असतो, सर."

सर हसले. ते हसणं अजून डोळ्यासमोर येतं माझ्या. म्हणाले, "आयोजकांना कळवलंय मी. मुली आजारी आहेत म्हणून."

म्हणजे वॉकओव्हर देऊनही झाला होता. आम्हाला न विचारता.

त्या दिवशी आम्ही सगळ्या खारघरच्या ग्राउंडवर गेलो. 'जायचं का' असं कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. गेटवर पाकळ्या टाकायला कोण उभं राहिलं, देव जाणे.

आयोजक म्हणाले, "आता काही होत नाही. कप समोरच्या टीमला दिलाय."

प्रणाली सरळ कप घ्यायला आलेल्या त्या टीमच्या कॅप्टनकडे गेली. "कप तुमचाच. आम्हाला नको. फक्त खेळा आमच्याशी."

ती मुलगी आपल्या टीमकडे वळून ओरडली, "चला गं, बूट घाला!"

रेफ्रीसुद्धा थांबले. बघायला कोणी नाही, कुठे नोंद नाही, पण पूर्ण मॅच झाली. प्रणालीने हेडरवर गोल मारला. त्यांनी दोन मारले. हरलो.

मी ग्राउंडवर बसून रडत होते. ती आली, हाताला धरून मला उठवलं.

"रडतेस काय? आपण खेळून हरलो. आजारी पडून नाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला लेखी माफीनामा द्यायला सांगितलं.

"कशाची माफी, सर? मी आजारी नव्हते, त्याची?"

तिने माफीनामा दिला नाही.

विद्यापीठाच्या टीमची ट्रायल द्यायला कॉलेजचं पत्र लागतं. त्यांनी पत्र दिलं नाही. ती रोज ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची, क्लार्क मान हलवायचा. ट्रायल्स होऊन गेल्या. आमची टीमही बंद केली. कारण काय, तर मुलींना शिस्त नाही.

विद्यापीठ गाजवणारी म्हणे! तिला दारातच अडवलंत तुम्ही.

तिने खेळ सोडला नाही. नोकरीला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी कळंबोलीत ट्रक ड्रायव्हरांच्या पोरींना शिकवायला लागली. बाप कुठल्या कुठल्या राज्यांत, पोरी ग्राउंडवर. कुणाचा बूट फाटला की हिचा जीव खालीवर.

गेल्या वर्षी डेंगू झाला. अंगावर काढला. टेन्शन नको घेऊ, मला म्हणाली. आणि गेली.

कळंबोलीच्या त्या पोरी युनिफॉर्मवर आल्या होत्या अंत्ययात्रेला. कॉलेजचं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

आणि काल सरांचा मला फोन. इतक्या वर्षांनंतर. आवाजात केवढा गोडवा.

"प्रणालीच्या आईंना तेवढं घेऊन ये. साहेब स्टेजवर साडी देतील. त्या रडल्या तरी हरकत नाही, व्हिडिओवाला सांगितलाय."

रडल्या तरी हरकत नाही.

फोन कट केला. बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, इतकी किळस आली.

काकूंपासून, म्हणजे प्रणालीच्या आईपासून, लपवायचं नव्हतं, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मना नको त्यांची साडी. तुमी सगल्या घरा या. मी जेवान करतंय."

तर आज संध्याकाळी आमची सगळी टीम घणसोलीला काकूंकडे आहे. कळंबोलीच्या पोरीही येतायत. कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर 'कपला कोण कोण येणार' असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर समजा.

प्रणाली, त्यांच्या स्टेजवर आज तुझं नाव घेतील. तू मनावर घेऊ नकोस.

तुझी फार आठवण येते गं.

शांत झोप, कॅप्टन.