चंदेरी यानाचा कॅप्टन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांचे. परवा खिडकीच्या ग्रिलला चंदेरी रंग लावताना त्या वासाने नव्वदच्या दशकातले सुरतचे दिवस आठवले. स्नेहसंमेलनासाठी सर अंतराळावर छोटी फिल्म करणार होते. लग्नाच्या शूटिंगवाल्याने कॅमेरा दिला होता आणि पत्र्याच्या पिंपांना असाच रंग देऊन आम्ही यान उभं केलं होतं. सगळ्यांचे संवाद ऐकून सरांनी कॅप्टन म्हणून मला निवडलं. अट एकच, यानातल्या सगळ्यांची डोकी तुळतुळीत हवीत. उधना भागातल्या आमच्या खोलीत हे सांगताच आई रडायला लागली. बाप जिवंत असताना कोणी डोकं भादरतं का? मी कॉलेजात सरांना नकार कळवला. "माझा बाप धुळ्याला आहे, त्याला काय दिसतंय? मग मी होतो कॅप्टन," यानातला एक मित्र म्हणाला. पण संध्याकाळी सरच घरी आले. वडील नुकतेच लूमच्या कारखान्यातून आले होते, केसांत कापसाचे तंतू तसेच होते. "मुलाचे केस काढू का, हे विचारायला आलोय," सर म्हणाले. वडील उठून उभे राहिले. मग हात जोडून म्हणाले, "सर, मी आजून जित्ता शे." "मग नाही काढत. कॅप्टन हाच राहील, आमच्या यानात सगळे टोप्या घालतील," सर म्हणाले. वडील त्यांना पार रस्त्यापर्यंत सोडायला गेले. वडील आता नाहीत. ग्रिलचा रंग वाळायच्या आत मी सरांना पत्र लिहिलं: "सर, कारखान्यात काय, चाळीत काय, वडिलांना जो तो हुकूमच सोडायचा. त्यांना विचारायला आलेले तुम्ही एकटेच."