अतिरेक्याचा ड्रेस

"तोंड खाली. अजून खाली. आता जरा वळव, कॅमेऱ्यात दाढी आली पाहिजे."

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर मी पालथा पडलो होतो. हात मागे बांधलेले. गालाखाली तापलेली फरशी. अंगात ढगळ पठाणी ड्रेस, गळ्यात चौकटीचा रुमाल. मानेवर गार्डचा बूट. हा गार्ड वाशिमचा, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा. हळूच म्हणाला, "भाऊ, लागत नाही ना?"

समोर मांडव. मांडवात सोफे, सोफ्यांवर साहेब, साहेबांच्या हातात नारळपाणी. टाळ्या पडल्या.

हे मॉक ड्रिल. अतिरेकी हल्ल्याचा सराव. अतिरेकी दर वर्षी यायचा आणि दर वर्षी पकडला जायचा, तोही पाहुण्यांच्या नाश्त्याआधी. त्याचा ड्रेस सिक्युरिटीच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेला असे. घालायला माणूस मात्र स्टोअरमधून मागवत. स्टोअरमध्ये मी. नांदेडकडचा, एम.ए. मराठी. हजेरीपटावर तसलं नाव माझं एकट्याचं.

"तुला शोभतो रे," सिक्युरिटी ऑफिसर म्हणाले होते. सावलीतही गॉगल न काढणारा माणूस. "मेकअपचा खर्च वाचला."

सगळे हसले. नोकरी कंत्राटी, म्हणून मीही हसलो.

कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यातल्या टाळ्या कापल्या, सोफे कापले, खाली ओळ टाकली: चाकणमध्ये स्लीपर सेल पकडला. रहाटणीच्या आमच्या घरमालकांच्या मोबाइलवरही तो पोचला.

"काका, नाटक होतं ते. कंपनीचं."

"म्हाईत हाय मला. तुमी मानूस लय चांगलं. पन लोकास्नी कोन सांगत बसनार? खोली मोकळी करा."

बायकोने भांडी बांधली. मुलीने विचारलं, "अब्बा, तुम्हाला पकडलं तेव्हा मी शाळेत होते का?"

कासारवाडीला दुसरी खोली मिळाली. एचआरच्या मॅडमना म्हटलं, कंपनीने जाहीर खुलासा करावा. "अहो, ड्रिलच तर होतं," त्या म्हणाल्या. मग तेवढंच लिहून द्या, म्हटलं. त्यांनी फोन कानाला लावला.

यंदा ऑफिसरांनी पुन्हा ड्रेस पुढे केला. "चल. तुला आता अनुभव आहे."

मी ड्रेस घेतला. पुठ्ठ्याचा खोका घेतला. त्यावर लाल रंगात 'बॉम्ब' लिहिलेलं, म्हणजे अतिरेक्याचाही गोंधळ नको. ठरल्याप्रमाणे गेटबाहेर गेलो. पलीकडच्या टपरीमागे ड्रेस तारेवर टांगला. आत माझा रोजचा निळा युनिफॉर्म होताच. गळ्यात ओळखपत्र. खोका डब्याच्या पिशवीत. दाढी तीच, नाव तेच.

गेटवर सगळे लाकडी बंदुका रोखून रस्त्याकडे बघत होते. वाशिमच्या गार्डने विचारलं, "भाऊ, आज काय भाजी?"

"चवळी."

आत गेलो. मांडवात शिरलो. मुख्य पाहुण्यांच्या सोफ्याखाली पिशवी सरकवली आणि बाजूच्या खुर्चीत बसलो. ऑफिसर शिट्टी तोंडात धरून पठाणी ड्रेसची वाट बघत होते. पाहुणे घड्याळ बघत होते. मला घाई नव्हती.

मग उठलो. माइक घेतला.

"साहेब, अतिरेकी केव्हाचाच आत आलाय. बॉम्ब पाहुण्यांच्या बुडाखाली आहे. तुम्ही ज्याची वाट बघताय, तो टपरीमागे तारेवर टांगलाय."

पाहुणे उडाले. नारळपाणी पँटवर. मोबाइल सगळ्यांचे वर होतेच. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"तुझं कंत्राट संपलं!" ऑफिसर ओरडले.

"खरा असता तर तुमचंही संपलं असतं."

लपून बसलेली माणसं असतात, मला माहीत आहे. मलाही त्यांची भीती वाटते. माझी बायको मंडईत जाते आणि बॉम्ब नाव विचारून फुटत नाही. पण खरा अतिरेकी येईल तेव्हा हा ड्रेस घालून येणार नाही. तो शांतपणे गेटमधून आत जाईल, कारण त्या वेळी तुमचा बूट माझ्या मानेवर असेल.

नोकरी गेली. ड्रेस मी परत दिला नाही. बायको म्हणाली, फरशी पुसायला बरा आहे. नको म्हटलं. कंपनीवर आणि ऑफिसरांवर मी दावा लावला आहे. समेटाचे दोन निरोप आले, दोन्ही परत पाठवले. माफी नको. ज्या दिवशी ऑफिसर साक्षीला उभे राहतील, त्या दिवशी भर कोर्टात हा ड्रेस त्यांच्यापुढे धरणार आहे. इस्त्री करून. म्हणणार आहे, घाला साहेब, आणि सांगा तुम्ही कोण दिसता.

मापाची काळजी नाही. ढगळ आहे. कुणालाही होतो.