मामीचा सुजलेला गाल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सीमेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या बेज्जूरकडच्या एका गावात मास्तर होतो. मामा वारल्यावर मामी एकटीच होती, म्हणून तिच्याकडेच राहत होतो. मजुरीला जाणारी बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या हिवाळ्यात तिची दाढ किडली आणि उजवा गाल टम्म सुजला.

त्याच सुमारास निमलष्करी दलाने आमच्या शाळेत आरोग्य शिबिर लावलं. जंगलातले बंदूकवाले गावोगाव पत्रकं वाटत, जवानांबद्दल खऱ्याखोट्या गोष्टी पसरवत. त्यावर उतारा म्हणून हे शिबिर. दलाचा जनसंपर्क अधिकारी फोटोग्राफरला घेऊनच आला होता. गावात हिंदी बोलणारे थोडे, म्हणून दुभाषी मी.

मामीला खुर्चीवर बसवलं. डॉक्टरने बॅटरी मारून दाढ पाहिली, काढावी लागेल म्हणाला. अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. मामीचा चेहरा उजेडाकडे वळवला, पदर मागे घ्यायला लावला. एका जवानाने तिच्या गालाला कापसाचा बोळा लावून धरला. मामी आ वासून बसलेली. लाळ गळत होती, तीही पुसू देईनात. फोटो झाल्यावर कळलं, दाढ काढायची हत्यारं आणलीच नव्हती. गोळ्यांची पुडी देऊन तिला उठवलं.

काही दिवसांनी तेलुगू पेपरात तो फोटो आला. खाली छापलं होतं, जंगलवाल्यांनी मारहाण केलेल्या महिलेवर जवानांचे उपचार. मी मामीला वाचून सांगितलं. ती गालावर हात ठेवून म्हणाली, "मले कोनं मारलं?"

मी सायकल काढून कॅम्पवर गेलो. अधिकाऱ्याने चहा मागवला. दाढेचं सांगितलं तर तो हसला. समोरून रोज खोटं येतं, आपण खऱ्याची वाट बघत बसलो तर हरू, असं त्याने मला समजावलं.

"मास्टरजी, बदनामी तो उनकी हुई, आपकी मामी की नहीं," म्हणत त्याने बिस्किटं पुढे केली. कप तसाच ठेवून उठलो.

मग एका संध्याकाळी जंगलातले आले. लोकांना चावडीपुढे जमवून त्यांनी मामीला उभं केलं. निदान हे तरी खरं विचारतील, असं मला वाटलं होतं. त्यांच्या म्होरक्याने गाल निरखला आणि सांगितलं, जवानांनी मारलं असं बोल, आमी छापतो. कॅमेरा त्यांच्याकडेही होता.

मामी शांतपणे म्हणाली, "कोनंच मारलं नाही. दाढ दुखून राह्यली. तुमी काढून देता काय?"

म्होरक्याने कॅमेरेवाल्याला खूण केली. फोटो काढलाच, आणि पुढच्या पत्रकात तो छापून आला, त्यांना हवं ते लिहून.

मी तिला मंचेरियलला नेलं. तिथल्या दातांच्या डॉक्टरने दाढ उपटली, घाणेरडा पू निघाला. गाल उतरला, तरी बाजारात बाया तिला हळूच विचारत, कोनं मारलं वं? मामी आधी दाढेचं सांगायची. भीतीपायी बोलत नाही बिचारी, म्हणत त्या मान हलवायच्या. शेवटी तिने सांगणं सोडलं, आणि मग बाजारही.